जवळून पाहण्याचा छंद : मॅक्रो छायाचित्रणाची ओळख

छायाचित्रणाचा छंद म्हटला की सह्याद्रीचे कडे, ताडोबातील वाघ आणि खांद्यावर वागवावी लागणारी लांबलचक टेलिलेन्स हेच चित्र सर्वसाधारणपणे नजरेसमोर येते. या छंदाची एक शाखा मात्र अशी आहे, की जिच्यासाठी घराचा उंबरठा ओलांडण्याचीही गरज नसते. स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा, खिडकीतील तुळशीची मंजिरी, शिवणाच्या पेटीतील सुई किंवा गॅलरीच्या कठड्यावर ऊन खात बसलेली माशी, एवढे भांडवल तिला पुरते. रोज दिसणाऱ्या, पण क्वचितच निरखून पाहिल्या जाणाऱ्या गोष्टी अगदी जवळ जाऊन टिपण्याच्या या कलेला मॅक्रो किंवा क्लोज-अप छायाचित्रण म्हणतात.

एकेकाळी खास लेन्स बाळगणाऱ्यांपुरताच असलेला हा छंद आता मोबाइलधारकांच्याही आवाक्यात आला आहे. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या आयफोन १३ प्रोमध्ये अवघ्या दोन सेंटिमीटरवरील वस्तूवर फोकस करण्याची सोय होती. इतर अनेक कंपन्यांच्या फोनमध्येही मॅक्रोची सुविधा मिळते. तरीही विषयाच्या जितके जवळ जावे, तितकी त्याची किंमत प्रकाश, स्पष्टता आणि स्थैर्य या रूपाने मोजावी लागते. विषय जिवंत असेल, तर त्या किमतीतला काही वाटा त्या जिवालाही उचलावा लागतो. ही देवघेव समजून घेणे म्हणजेच मॅक्रो छायाचित्रण शिकणे होय.

मॅक्रो म्हणजे नेमके काय?

जवळून काढलेल्या प्रत्येक छायाचित्राला सैलपणे मॅक्रो म्हटले जात असले, तरी या शब्दाला एक निश्चित तांत्रिक अर्थ आहे. लेन्समधून कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूच्या तुलनेत किती मोठी आहे, यावर तो ठरतो. प्रतिमा आणि वस्तू समान आकाराच्या असतील तर ते प्रमाण १:१ मानले जाते आणि तेथून पुढे खऱ्या अर्थाने मॅक्रोचा प्रांत सुरू होतो. प्रतिमा वस्तूच्या निम्म्या आकाराची असेल तर प्रमाण १:२ होते. अशा चित्रांना काटेकोरपणे क्लोज-अप म्हणणे योग्य ठरते.

उदाहरणादाखल रुपयाचे नाणे घेता येईल. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाच्या नाण्याचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. १:१ या प्रमाणात टिपलेले हे नाणे त्या सेन्सरची उंची जवळजवळ व्यापून टाकते. तेच चित्र संगणकाच्या पडद्यावर किंवा छापील कागदावर मोठे करून पाहिले, की नाण्यावरील बारीकसारीक ओरखडे आणि अक्षरांच्या कडांत साचलेला मळही दिसू लागतो. दहापटींहून अधिक वर्धन हवे असेल, तर साधारणपणे सूक्ष्मदर्शकाचा आधार घ्यावा लागतो. या दोन प्रकारच्या चित्रांत फरक करता यावा म्हणून डब्ल्यू. एच. वॉल्मस्ली यांनी १८९९ मध्ये दहापटींपेक्षा कमी वर्धनाच्या छायाचित्रांसाठी 'फोटोमॅक्रोग्राफ' हा शब्द सुचवला होता.

सुईच्या टोकापासून सुरुवात

जवळून पाहण्याचे वेड छायाचित्रणापेक्षाही जुने आहे. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या वस्तूंची त्याने हाताने काढलेली चित्रे त्यात आहेत. पिसवेचे भले मोठे चित्र त्यातले सर्वांत गाजलेले असले, तरी ग्रंथाचा आरंभ सुईच्या टोकाने होतो. त्यानंतर वस्तऱ्याची धार आणि तलम कापडाचा पोत येतो. टोकदार वाटणारी सुई जवळून बोथट आणि खडबडीत दिसते, छापील पूर्णविराम म्हणजे शाईचा वेडावाकडा डाग असतो, असे हूकने नोंदवले. माणसाने बनवलेल्या वस्तू जवळून ओबडधोबड दिसतात आणि निसर्गातील वस्तू मात्र अधिकच रेखीव वाटू लागतात, हे त्याचे निरीक्षण आजच्या मॅक्रो छायाचित्रकारालाही पदोपदी पटते.

छायाचित्रणाचा शोध लागल्यावर हे काम कॅमेऱ्याकडे आले. १८४० च्या सुमारास विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी सौर सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने वनस्पतींच्या पातळ कापांची छायाचित्रे घेतली. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील जेरिको या गावच्या विल्सन बेंटले या तरुण शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचे छायाचित्र टिपले. पुढील सुमारे ४६ वर्षांत त्यांनी पाच हजारांहून अधिक हिमस्फटिक टिपले. स्फटिक वितळण्याच्या आत चित्र घ्यायचे, म्हणून ते गोठवणाऱ्या थंडीतच काम करीत. कोणतेही दोन हिमस्फटिक सारखे नसतात, ही कल्पना जगभर रूढ होण्यामागे त्यांच्या छायाचित्रांचा मोठा वाटा आहे. त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ट यांची कथाही तितकीच उद्बोधक आहे. बर्लिनमधील कलाशाळेत ते शिकवीत असत. वनस्पतींच्या आकारांतून अलंकरणाचे नमुने विद्यार्थ्यांना समजावेत, एवढ्यासाठीच त्यांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने कळ्या, देठ, बीजकोश आणि नेच्यांची गुंडाळलेली कोवळी पाने कित्येक पटींनी मोठी करून टिपली. साध्या पार्श्वभूमीवर, मंद प्रकाशात घेतलेल्या या चित्रांत रानातील तण एखाद्या लोखंडी जाळीसारखे किंवा मंदिराच्या खांबासारखे भासते. १९२८ मध्ये त्यांतील १२० छायाचित्रांचा 'उरफॉर्मेन डेर कुन्स्ट' हा संग्रह निघाला, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. वर्गातील शिक्षणसाहित्य म्हणून काढलेली चित्रे त्यानंतर कलाकृती म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली.

खास लेन्सचा जन्म मात्र बराच उशिरा झाला. पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यासाठीची किलफिट कंपनीची 'माक्रो किलार' ही लेन्स १९५५ मध्ये आली. पुढच्याच वर्षी जपानमधून 'मायक्रो निक्कोर' आली. तिचा मूळ उद्देश फुले किंवा कीटक टिपण्याचा नव्हता. गुंतागुंतीच्या जपानी अक्षरांचे दस्तऐवज मायक्रोफिल्मवर स्पष्टपणे उतरवण्यासाठी ती बनवण्यात आली होती. कागदाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे प्रत्येक अक्षर सारखेच रेखीव यावे, ही त्या कामाची गरज होती. कोपऱ्यांपर्यंत टिकणारी रेखीवता हा मॅक्रो लेन्सचा गुण आजही मानला जातो.

जवळ जाण्याची किंमत

मॅक्रो छायाचित्रण करू पाहणाऱ्यास पहिला धक्का बसतो तो फोकसच्या बाबतीत. दूरच्या दृश्यात समोरच्या झाडापासून क्षितिजापर्यंत सारे काही स्पष्ट दिसू शकते. १:१ या प्रमाणात मात्र एफ/८ इतके अॅपर्चर ठेवूनही स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम एक मिलिमीटर भरते. मुंगीचे डोळे स्पष्ट आले तर तिचे पोट धूसर होते. फुलाच्या पुंकेसरावर फोकस साधला तर पाकळीची कड विरघळून जाते.

ही खोली वाढवण्यासाठी अॅपर्चर आणखी लहान करता येते. एफ/१६ ला ती सुमारे दोन मिलिमीटरपर्यंत जाते. परंतु छिद्र फार लहान केले की प्रकाशाचे विवर्तन वाढते आणि संपूर्ण चित्रच किंचित मऊ दिसू लागते. म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते.

दुसरी किंमत प्रकाशाची. लेन्स जितकी पुढे सरकवावी, तितका सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी होतो. १:१ प्रमाणात तो साधारणपणे एक चतुर्थांशच उरतो. भरीला अॅपर्चर लहान केलेले असल्याने शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते. नेमकी याच वेळी तिसरी अडचण उभी राहते, ती स्थैर्याची. वस्तूबरोबर हाताचा कंपही मोठा होतो. वाऱ्याची पुसटशी झुळूक गवताच्या पात्याला चौकटीच्या पार बाहेर नेते. छायाचित्रकाराचा श्वासोच्छ्वासही फोकस हलवण्यास पुरेसा असतो.

या अडचणींवर संगणकाने एक उपाय दिला आहे. त्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. फोकस कणाकणाने पुढे सरकवत एकाच वस्तूची अनेक छायाचित्रे घ्यायची आणि प्रत्येकातील स्पष्ट भाग तेवढा निवडून त्यांचे एक चित्र जुळवायचे, अशी ही पद्धत आहे. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील कीटकांची या पद्धतीने चित्रे घेतली. २०१६ मध्ये प्रदर्शित झालेल्या या मालिकेतील एकेका चित्रासाठी आठ हजारांच्या आसपास छायाचित्रे एकत्र करण्यात आली होती. अर्थात, ते कीटक संग्रहालयातील मृत नमुने होते. जिवंत कीटक इतका वेळ स्तब्ध बसत नाही. हौशी छायाचित्रकारास पाच-दहा चित्रांच्या जुळणीतूनही चांगले फळ मिळते.

स्टॅकिंग न करताही एक साधी युक्ती उपयोगी पडते. कॅमेऱ्याचा सेन्सर विषयाच्या सर्वांत लांब बाजूला समांतर ठेवला, तर उपलब्ध असलेला मिलिमीटरभर पट्टा पुरेपूर वापरला जातो. पंख मिटून बसलेले फुलपाखरू अगदी बाजूने टिपले की संपूर्ण पंख रेखीव येतो. तेच तिरके टिपले की अर्धा पंख धूसर होतो. प्राण्याचा किंवा कीटकाचा चेहरा दिसत असेल, तर फोकस डोळ्यांवर असावा. डोळे स्पष्ट असतील तर बाकीची धूसरता पाहणाऱ्याला खटकत नाही.

साधने : थोडक्यात सुरुवात

नवोदितांनी महागडी लेन्स घेण्याची घाई करू नये. कॅमेऱ्यावर फुलाचे चिन्ह असलेला मॅक्रो मोड असेल किंवा फोनमध्ये तशी सोय असेल, तर आरंभ तेथूनच करावा. फोनची अडचण एवढीच, की तो वस्तूच्या इतक्या जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली विषयावर पडते. प्रकाश बाजूने येईल अशी जागा निवडल्यास हा दोष टळतो.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा असल्यास चार मार्ग उपलब्ध आहेत. पहिला क्लोज-अप फिल्टरचा. हे चष्म्याच्या भिंगासारखे काम करतात आणि लेन्सच्या पुढच्या बाजूस फिरवून बसवले जातात. अधिक चार क्षमतेचे भिंग बसवून लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर सुमारे २५ सेंटिमीटरवरील वस्तू स्पष्ट दिसते.

दुसरा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी ही पोकळ नळी असते, तिच्यात काच नसते. तिचा हिशेबही सोपा आहे. नळीची लांबी भागिले लेन्सची नाभीय लांबी, म्हणजे वाढणारे वर्धन. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची नळी लावली, तर अनंतावर फोकस असताना वस्तूच्या निम्म्या आकाराची प्रतिमा मिळते आणि ५० मिलिमीटरची लावली, तर पूर्ण आकाराची.

तिसरा मार्ग रिव्हर्स रिंगचा. साधी लेन्स उलटी बसवली की ती उत्तम मॅक्रो लेन्ससारखी काम देते. त्यासाठी लागणारी कडी काही शे रुपयांत मिळते. जुन्या फिल्म कॅमेऱ्याबरोबर आलेली आणि कपाटात पडून राहिलेली ५० मिलिमीटरची लेन्स या कामी फार उपयुक्त ठरते, कारण तिचे अॅपर्चर लेन्सवरील कडीने हाताने बदलता येते. मात्र उलट्या लेन्सची मागची काच उघडी पडते. तिला धूळ, ओरखडे आणि पावसाचे थेंब यांपासून जपावे लागते.

चौथा मार्ग अर्थातच खास मॅक्रो लेन्सचा. ती निवडताना नाभीय लांबीचा विचार करावा. १:१ प्रमाणात १०० मिलिमीटरच्या लेन्सचे पुढचे टोक आणि विषय यांत साधारण वीतभरापेक्षा थोडे कमी अंतर राहते. साठ मिलिमीटरच्या लेन्सला त्याहूनही जवळ, काही सेंटिमीटरवर, जावे लागते. नाणी, शिंपले किंवा फुले यांसाठी ते चालते. चतुर किंवा फुलपाखरू इतक्या जवळ येऊ देत नाही.

प्रकाशाची शिस्त

मॅक्रोमध्ये प्रकाश किती आहे याबरोबरच तो किती मऊ आहे, यालाही महत्त्व असते. दुपारचे थेट ऊन किंवा उघडा फ्लॅश यांमुळे चकाकणाऱ्या पृष्ठभागावर पांढरे ठिपके उमटतात आणि सावल्या काळ्याकुट्ट होतात. भुंग्याची पाठ किंवा मोहरीचा दाणा यांवर हा दोष विशेष जाणवतो. त्यावर उपाय घरातच सापडतात. ट्रेसिंग पेपरचा तुकडा फ्लॅशसमोर धरला की प्रकाश पसरतो. पांढरे पुठ्ठे किंवा चॉकलेटच्या वेष्टनातील चांदी सावलीच्या बाजूस ठेवली की तेथे हलका उजेड पडतो. खिडकीतून येणारा, पातळ पडद्याने गाळलेला सकाळचा प्रकाश तर कोणत्याही स्टुडिओच्या तोडीचा असतो.

बाहेर चित्रण करायचे असल्यास सूर्योदयानंतरचा तास-दीड तास सर्वांत अनुकूल मानला जातो. वारा पडलेला असतो, पानांवर दव असते आणि रात्रीच्या गारव्याने कीटकांचे शरीर मंदावलेले असते. ऊन लागून अंग तापेपर्यंत ते जागचे फारसे हलत नाहीत. पहाटे उठण्याचा आळस सोडणे हे या छंदातील सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक साधन आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

घरातील विषय

सरावासाठी घरातील वस्तूंइतके सोयीचे काही नाही. त्या उडून जात नाहीत आणि त्यांना त्रासही होत नाही. काळ्या कागदावर पसरलेले चिमूटभर बारीक मीठ पाहिले तर त्यात नेटके चौकोनी घन दिसतात. साखरेच्या दाण्यांच्या बाजू तिरक्या आणि कडा लांबट असतात. डाळिंबाचा दाणा मागून प्रकाश दिला की माणकासारखा उजळतो. काचेच्या भांड्यात पाणी घेऊन त्यावर तेलाचे काही थेंब सोडावेत आणि भांड्याखाली रंगीबेरंगी कापड ठेवावे. कापडाचे रंग थेंबाथेंबांत वेगवेगळे वाकलेले दिसतात.

साबणाच्या पाण्याची पातळ फीत तारेच्या कडीत उभी धरली, तर तिच्यात रंगांचे आडवे पट्टे उमटतात. पाणी खाली ओघळत जाते तसे हे पट्टे सरकतात आणि सर्वांत वरचा, अतिशय पातळ झालेला भाग फुटण्यापूर्वी काळा दिसतो. मिनिटभरात संपणारा हा खेळ टिपण्यासाठी हात तयार असावा लागतो.

वर्तमानपत्रातील रंगीत छायाचित्र जवळून पाहिले की त्यातला चेहरा नाहीसा होतो आणि निळ्या, किरमिजी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांची जाळी उरते. दूरदर्शन संचाच्या पडद्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या बारीक ठिपक्यांखेरीज काहीच नसते. हातमागावरील पैठणीच्या पदरावरचा मोर दोऱ्यादोऱ्यांत सुटा होतो आणि एक रंग संपून दुसरा कोठे गुंफला आहे, ते विणकराचे कसब उघड होते.

अळवावरचे पाणी ही तर मराठी भाषेने क्षणभंगुरतेसाठी वापरलेली उपमा. अळूच्या पानावरील थेंब जवळून पाहिला, तर तो पानाला जवळजवळ चिकटलेलाच नसतो, हे ध्यानात येते. पानाच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म, मेणचट उंचवट्यांमुळे पाणी आणि पान यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो. थेंबाच्या तळाशी दिसणारी रुपेरी चमक ही त्या हवेचीच असते. काडीच्या टोकाशी लोंबणाऱ्या थेंबामागे एखादे फूल ठेवल्यास थेंबात त्याची छोटी, उलटी प्रतिमा दिसते. तेथे फोकस थेंबाच्या कडेवर न साधता आतल्या प्रतिमेवर साधावा लागतो.

अंगणापासून पठारापर्यंत

घराबाहेरची पहिली पायरी म्हणजे इमारतीचे आवार. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू जवळून पाहिला तर ते एक फूल नसून अनेक छोट्या फुलांचा गुच्छ आहे, हे कळते. ज्यांना सारे पाकळ्या समजतात, ती प्रत्येक पाकळी एक स्वतंत्र फूल असते. पदपथाच्या फटीत उगवणाऱ्या एकदांडीचीही रचना अशीच असते. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडला असेल, तर त्याच्याभोवती मुंग्यांची लगबग हमखास आढळते. माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंग्या मटकावतात आणि त्या मोबदल्यात माव्याचे शत्रूंपासून रक्षण करतात. हा सारा व्यवहार बोटभर जागेत चालतो.

मृग नक्षत्राच्या पहिल्या पावसानंतर जमिनीवर दिसणारा लाल मखमली 'मृगाचा किडा' शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्याचे नीट छायाचित्र घेतले की त्याला सहा नव्हे, तर आठ पाय असल्याचे दिसते. म्हणजे तो कीटकवर्गातील नसून कोळ्यांचा आणि गोचिडांचा भाईबंद ठरतो. भिंतीवर उड्या मारत शिकार करणारे कोळी तर मॅक्रो छायाचित्रकारांचे विशेष लाडके आहेत. त्यांची दृष्टी तीक्ष्ण असल्यामुळे लेन्स जवळ आली की ते वळून तिच्याकडे पाहतात आणि समोरचे दोन टपोरे डोळे थेट चित्रात उतरतात.

फुलपाखराच्या पंखांवरील रंग जवळून पाहिला तर कौलांसारखे एकावर एक रचलेले बारीक खवले दिसतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये 'ब्लू मॉर्मन' अर्थात नीलवंत या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असा दर्जा देणारे ते देशातील पहिले राज्य होते. हे फुलपाखरू शहरांतील बागांतही आढळते.

पावसाळा सरताना अनेकांची पावले साताऱ्याजवळील कास पठाराकडे वळतात. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर या पठाराचा समावेश २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. दूरवर पसरलेले रंगीत गालिचे टिपण्यात बहुतेक पर्यटक दंग असतात. गुडघे टेकून पाहणाऱ्यास मात्र सीतेची आसवे या नाजूक जांभळ्या फुलाचा खरा स्वभाव कळतो. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. ओलसर मातीत दडलेल्या तिच्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातील बारीक जीव निमिषार्धात आत ओढून घेतात. दवबिंदू या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांवर चिकट द्रवाचे थेंब चमकत असतात. त्या थेंबांत अडकलेले चिलट चित्रात आले की फुलांच्या गालिच्याआड चालणारा जगण्याचा झगडा समोर येतो.

छायाचित्र आणि शास्त्र

नेमकेपणाने घेतलेले मॅक्रो छायाचित्र हे अभ्यासाचे साधनही होऊ शकते. आपल्या शहरांच्या आसपासचे लहान जीव अजून पुरते मोजले गेलेले नाहीत. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचे नवी प्रजाती म्हणून शास्त्रीय वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला 'इशियस तुकारामी' असे नाव देण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात अतिरेक्याला जिवंत पकडून देताना हुतात्मा झालेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नामकरण आहे. लक्षावधी माणसे ज्या भागातून रोज ये-जा करतात, तेथेही शास्त्राला अपरिचित असा जीव वावरत होता, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट यांसारख्या खुल्या नोंदवह्यांत हौशी छायाचित्रकारांची चित्रे जमा होतात आणि जाणकार त्यांवरून प्रजाती ओळखण्यास मदत करतात. त्यासाठी एक सुंदर चित्र पुरत नाही. वरून, बाजूने आणि समोरून अशी निदान तीन चित्रे घ्यावीत. तारीख, ठिकाण आणि तो जीव कोणत्या झाडावर होता, याची नोंद ठेवावी. अनेक कोळी आणि कीटक केवळ छायाचित्रावरून ओळखता येत नाहीत, हेही ध्यानात असावे.

कॅमेऱ्यासमोरचा जीव

या छंदाची अवघड बाजू येथून सुरू होते. चांगल्या चित्राच्या हव्यासापायी कीटकाला काही वेळ फ्रिजमध्ये ठेवून बधिर करणे, फांदी तोडून सोयीच्या पार्श्वभूमीसमोर नेणे, बेडकाला हातात धरून हव्या त्या पानावर बसवणे असे प्रकार घडतात. पाहणाऱ्याला चित्रातून ते कळतही नाही. फुलपाखराचा पंख चिमटीत धरला की बोटांना लागणारी रंगीत भुकटी म्हणजे त्याचे झडलेले खवले असतात आणि ते पुन्हा उगवत नाहीत. बेडकाची त्वचा पाणी आणि रसायने शोषून घेते. हाताला लावलेले डास पळवण्याचे मलम त्याला घातक ठरू शकते. कोषासमोरची पाने दूर सारून चित्र घेतले आणि ती तशीच सोडली, तर तो कोष पक्ष्यांच्या नजरेस सहज पडतो.

कासच्या पठारावर जांभ्या खडकावरील मातीचा थर अतिशय पातळ आहे. एका फुलाच्या चित्रासाठी आडवे पडणाऱ्याच्या अंगाखाली शेकडो रोपे चिरडली जाऊ शकतात. तेथे आखून दिलेल्या वाटेवरून जे टिपता येईल तेवढ्यावर समाधान मानणेच योग्य होय.

कायद्याची चौकटही माहीत असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. मारण्याबरोबरच पकडणे, आमिष दाखवणे, तसेच पक्षी व सरपटणारे प्राणी यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे यांचाही तीत समावेश होतो. अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत ही कृत्ये गुन्हा ठरतात; कॅमेरा हातात असल्याने त्यांतून सूट मिळत नाही. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने येथे चित्रण करण्यासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते.

व्यवहारात काही साधे नियम पाळता येतात. जीव जेथे आणि जसा आहे, तसाच टिपावा. तो वारंवार जागा बदलू लागला, शरीर आक्रसून बसला किंवा भक्ष्य टाकून निघाला, तर कॅमेरा मागे घ्यावा. आड येणारे गवत न उपटता हलकेच बाजूला धरावे आणि चित्र होताच सोडून द्यावे. घरटे व अंडी यांच्यापासून दूर राहावे. दुर्मीळ जीव सापडल्यास त्याचे नेमके ठिकाण सर्वत्र जाहीर करू नये. चित्र मृत किंवा हाताळलेल्या नमुन्याचे असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

अशा नियमांमुळे काही चित्रे हातची जातात, यात शंका नाही. परंतु एका जागी अर्धा तास बसून राहिलेल्या माणसाची कीटकांना हळूहळू सवय होते आणि धावपळ करून जे मिळत नाही ते समोर चालून येते. कोळी जाळे विणतो, अळी कात टाकते, मुंग्या आपल्या वाटेने निघतात. मिलिमीटरभर फोकसच्या पट्ट्यात त्यांतले थोडेसेच सापडते. उरलेले पाहणाऱ्याच्या नजरेत राहते आणि त्यानंतर तुळशीच्या कुंडीजवळून जाताना त्याचे पाऊल क्षणभर थबकते.